हजार रुपये फी घेता, मग अभ्यास काय करायचा ते पण सांगा की! उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी आणि तिच्या तयारीच्या नावाने चाललेला खेळ

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे म्हणून एका पानात आटपायचं ठरवून बसले होते, पण परवा रिझल्ट लागला आणि तेव्हापासून डोकं इतकं तापलंय की एका पानात मावेल असं वाटत नाही. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टाच्या गेटसमोर टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात काम करते. बी.ए. झालंय, मराठी टायपिंग ४० पास आहे. वकालतनामा, प्रतिज्ञापत्र, मुदतीचा अर्ज, पोटगीचा अर्ज, मनाई हुकमाचा अर्ज, सगळं दिवसभर माझ्या बोटांखालून जातं. नवीन ज्युनियर वकील आले की मसुद्यात काय राहिलं ते बऱ्याचदा मीच सांगते, आणि ते बिचारे मान्य पण करतात. तर मला वाटलं आपणच वकील का होऊ नये, वयाची अट नाही, डिग्री आहे. मधे एक सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, आहे फक्त.

ती "फक्त" कशी आहे ते आपल्याला माहीत असेल असं मी धरून चालले होते, पण आता शंका आहे, म्हणून सांगते. तीन वर्षांच्या लॉच्या सीईटीत १२० प्रश्न, १२० मिनिटं. आधी १५० प्रश्न होते, ते कमी केले, ठीक आहे, त्याबद्दल आभार. पण त्या १२० ची वाटणी बघा: लीगल ॲप्टिट्यूड २४, लॉजिकल २४, जीके आणि करंट अफेअर्स ३२, आणि इंग्रजी ४०. म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेत कायद्याला २४ आणि इंग्रजीला ४०! ज्यांनी हे ठरवलं ते तालुका कोर्टात कधी बसलेत का हो? १९९८ च्या अधिसूचनेपासून जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे ना आपल्या राज्यात? साक्षीदार मराठी बोलतो, जबाब मराठीत लिहिला जातो, रोजनामा मराठीत असतो, आणि आत शिरायच्या दारावर मात्र एक तृतीयांश मार्क इंग्रजीचे. इंग्रजी नको असं मी म्हणत नाहीये, हायकोर्टात जायचं तर लागतंच, शिकेन की मी, त्यासाठीच तर तीन वर्षं आहेत ना? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकात पण पेढे वाटले होते, मी पण खाल्ला. त्या पेढ्याचा एक तरी मार्क या पेपरात पडायला पाहिजे होता असं आपलं मला वाटतं.

आता तयारीचं. तयारी कशाची करायची हे कुठं लिहिलंय ते दाखवा. अभ्यासक्रम म्हणून काय मिळतं, तर विभागांची नावं आणि मार्क. "लीगल ॲप्टिट्यूड आणि लीगल रीझनिंग" म्हणजे संविधान का, टॉर्ट (नुकसानभरपाईचा कायदा) का, करार कायदा का, फौजदारी कितपत, काही नाही. दहावीच्या पोराला सुद्धा धडे माहीत असतात. मग माणूस जातो क्लासकडे, आणि क्लासवाल्यांना हेच पाहिजे असतं, जितका अभ्यासक्रम धूसर तितकी फी जास्त. मला एका ऑनलाइन क्लासने बावीस हजार सांगितले, घासाघीस करून सोळा केले, नाव घेत नाही कारण अब्रुनुकसानीची नोटीस टाइप करायला परत माझ्याच दुकानात येतील. सोळा हजारात काय आलं, तर व्हॉट्सॲपवर पीडीएफ. त्यातल्या अर्ध्या क्लॅटच्या (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) जुन्या, आणि क्लॅटचा पॅटर्न तर २०२० पासूनच उताऱ्यांवर गेलेला. लीगलच्या नोट्समध्ये खून म्हणजे कलम ३०२, फसवणूक म्हणजे ४२०. अरे बाबांनो, १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली ना! खुनाला १०३, फसवणुकीला ३१८. पोटगीचा १२५ चा अर्ज मी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खाली टाइप करते, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट दाखल करायचे तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब च्या जागी नवीन साक्ष अधिनियमाचं कलम ६३ टाकते. हे मला कोणत्या क्लासने शिकवलं नाही, पक्षकार समोर उभा असतो आणि फायलिंगवाले अर्ज परत पाठवतात म्हणून शिकले. क्लासच्या सरांना ग्रुपवर विचारलं की परीक्षेत जुनं येणार का नवीन, तर उत्तर आलं "दोन्ही करून ठेवा". सोळा हजाराचा सल्ला आहे साहेब हा. बाजारातलं मराठी पुस्तक घेतलं तर त्यात पण तेच, मुखपृष्ठावर नवीन वर्ष आणि आत जुनी कलमं.

माझा दिवस कसा जातो ते पण ऐकाच आता, सुरू केलंच आहे तर. सकाळी घरचं आवरून दहाला दुकान, कोर्ट सुटेपर्यंत मान वर करायला सवड नाही, सोमवारी तर जेवण पण उभ्याउभ्या. संध्याकाळी घरी आलं की लाइट असेल तर वाचायचं. आमच्या गावात अभ्यासिका होणार होती. आमच्या लोकप्रतिनिधींनी नारळ फोडला, पाटी लागली, "स्पर्धा परीक्षा अभ्यासिका" अशी, निळ्या रंगात सुबक अक्षरं. पुढची निवडणूक झाली तरी कुलूप तेच. खिडकीच्या फुटक्या काचेतून बघितलं तर आत मंडपाचे बांबू, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सत्काराच्या शालींचं एक खोकं. शाली कुणाच्या आहेत ते विचारायची सोय नाही. मी किल्ली मागायला गेले तर म्हणाले उद्घाटन बाकी आहे, मोठ्या साहेबांची तारीख मिळत नाहीये. म्हणजे कोर्टातही तारीख आणि अभ्यासिकेलाही तारीखच!

बरं, सरकार कुणालाच शिकवत नाही असं पण नाही. महाज्योती या सरकारी संस्थेकडून जेईई, नीट, एमएचटी-सीईटी करणाऱ्या पोरांना टॅब मिळतो, रोजचा सहा जीबी डेटा मिळतो, चांगलंच आहे, मिळायलाच पाहिजे. बार्टी, सारथी या सरकारी संस्था यूपीएससी-एमपीएससीची पोरं तयार करतात. मग लॉ सीईटीचं काय? अशी जाहिरात माझ्या तरी नजरेला पडली नाही, आणि सरकारी जाहिराती मी रोज बघते, गावातल्या पोरांचे निम्मे फॉर्म मीच भरते. डॉक्टर पाहिजे, इंजिनियर पाहिजे, कलेक्टर पाहिजे, फक्त गरिबाच्या घरातून वकील नको का? प्रत्येक कोर्टासमोर बाबासाहेबांचा फोटो लावता, १४ एप्रिलला हार घालता, ते बॅरिस्टर होते हे विसरलात का?

आता परीक्षेच्या दिवसाचं. फॉर्ममध्ये केंद्राचे पर्याय विचारतात, मी नांदेड आणि परभणी टाकलं. मिळालं छत्रपती संभाजीनगर. सकाळची शिफ्ट. म्हणजे आदल्या रात्री एसटी, एकट्या बाईने. हाफ तिकिटाबद्दल सरकारचे आभार मानते, खरंच मानते, पण नांदेड दिलं असतं तर फुल तिकीट पण परवडलं असतं. पहाटे स्टँडवर उतरले, तिथल्या बायकांच्या बाथरूमबद्दल पत्रात लिहिता येणार नाही. रिक्षावाल्याने अडीचशे घेतले. केंद्र म्हणजे शहराच्या पार बाहेरचं एक कॉलेज, लॅबमध्ये पंखा दोन रांगा सोडून, आणि माझा माउस असा होता की एकदा दाबला की दोनदा लागायचा, एक प्रश्न सोडून पुढच्यावर उडी. सुपरवायझरला हात करून सांगितलं तर म्हणाले "हळू दाबा मॅडम". एका मिनिटाला एक प्रश्न असताना हळू दाबा! टायपिंगचीच रोजी खाते मी, माउस कसा दाबायचा ते मला शिकवतायत. शेवटी त्यांनी दुसऱ्या मशीनवरचा माउस काढून आणला, तोपर्यंत इंग्रजीच्या उताऱ्यात मी कुठं होते ते मलाच कळेना.

आणि मग स्कोअर. वेगवेगळ्या शिफ्टचे वेगवेगळे पेपर, त्यांचे मार्क एका मापात आणायला नॉर्मलायझेशन नावाच्या गिरणीत घातले की खाली जे पीठ पडतं ते आपलं. गहू किती घातला होता ते विचारायचं नाही. एखादं उत्तर चुकीचं धरलंय असं वाटलं तर हरकत घ्यायची मुभा आहे म्हणे, प्रश्नामागे हजार रुपये. फॉर्म भरायला हजार आणि एका प्रश्नाचं तोंड उघडायला पण हजार! तीन प्रश्नांवर शंका होती, तीन हजार म्हणजे माझा अर्धा पगार, गप्प बसले. क्लॅटवाल्या पोरांनी डिसेंबर २०२४ च्या पेपरातल्या चुकांसाठी हायकोर्ट गाठलं, सुप्रीम कोर्ट गाठलं, मे २०२५ ला निकाल घेतला, कारण त्यांच्या बापाकडे वकील लावायला पैसे होते. आमच्याकडे वकील होण्यासाठी आधी वकील लावावा लागेल असं दिसतंय.

क्लॅटचा विषय निघालाच तर, माझा भाऊ बारावीला आहे, त्याला पाच वर्षांचं लॉ करायचं होतं. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, राज्याच्या कायद्याने काढलेली. तिथं जायचं तर क्लॅट, क्लॅटचा नुसता फॉर्म चार हजार, पेपर फक्त इंग्रजीत, चुकलं तर पाव मार्क कट. भावाने फॉर्मची फी बघितली आणि आयटीआयची चौकशी करून आला. मी त्याला काय सांगणार होते?

लॉ सीईटीला पन्नास हजारांच्या वर पोरं बसतात, डोक्यामागे आठशे धरले तरी चार कोटी होतात. या चार कोटींतून एक मराठी पुस्तिका निघत नाही? मागच्या सगळ्या पेपरांचे प्रश्न, बरोबर उत्तरं, का बरोबर ते दोन ओळींत, नवीन कलमांसकट, फुकट पीडीएफ. एवढं केलं तरी निम्मे क्लास बंद पडतील, म्हणूनच करत नाही का? तारखा वर्षभर आधी ठरवा आणि मग त्या हलवू नका. माणसाने दुकानात रजा सांगितलेली असते, रजा म्हणजे पगार कट, तुमच्या एका "सुधारित वेळापत्रका"ला आमच्याकडे रुपये लागतात. परीक्षा होऊन पण सुटका नाही, कॅप राउंड (कॉलेज वाटपाच्या फेऱ्या), मग बार काउन्सिलची मान्यता कोणत्या कॉलेजला आली कोणत्या नाही, गेल्या काही वर्षांत दिवाळी जवळ आली तरी प्रवेश चालूच असतात आणि पहिल्या सेमिस्टरचा अभ्यास कसाबसा उरकतात. उशीर विद्यार्थ्याने केला तर अर्ज बाद, तुम्ही केला तर "मुदतवाढ". उशिराची कारणं विचारली की हे खातं त्या काउन्सिलकडे बोट दाखवतं, ते कॉलेजकडे, कॉलेज विद्यापीठाकडे.

आणि बाहेर बघा. देशात पाच कोटींच्या घरात खटले पडून आहेत. आमचा स्वतःचा वाटणीचा दावा मी शाळेत असल्यापासून चालू आहे, वडील तारखेला जातात, आमचे वकील त्या दिवशी नेमके दुसऱ्या कोर्टात असतात, ज्युनियर पुढची तारीख घेतो, वडील पुढची एसटी पकडून घरी. अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत विधी सहाय्य लिहिलंय, छान आहे, पण ते द्यायला गावातला, गावाची भाषा बोलणारा वकील लागतो ना. तो तयार होऊ नये याची व्यवस्था मात्र एकदम चोख आहे, त्यात कुठं मुदतवाढ लागत नाही. पैसेवाल्याचं पोर दिल्लीत शिकेल, आणि पक्षकार म्हणून आम्ही त्यांच्याच दारात जाऊ. विधानसभेत कायदे करणाऱ्यांना कुठली सीईटी असते का, ४० मार्कांचं इंग्रजी असतं का, जाऊ दे, अवमान व्हायचा.

सहानुभूतीचं उत्तर नकोय. "आपले पत्र संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे" हे वाक्य मी दुकानात इतक्या वेळा झेरॉक्स केलंय की ते सुद्धा नकोय. केंद्राचे पर्याय किती उमेदवारांना मिळाले, हरकतींच्या फीमधून किती रक्कम जमा झाली, किती हरकती मान्य झाल्या, आणि अभ्यासक्रम सविस्तर छापायला काय अडचण आहे, एवढंच विचारलंय, आणि या पत्रासोबत वेगळा माहिती अधिकाराचा अर्ज पण टाकलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, पोस्टाने. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते आणि नाही दिली तर कलम १९ खाली पहिलं अपील करता येतं. हे परीक्षेला आलं नव्हतं, पण मला येतं.

आपली,
टायपिंगच्या दुकानातली एक उमेदवार
(पुढच्या वर्षी पण हजार रुपये भरणारी)