आई-बाबा, शिखराचा हिशेब असा मांडतात

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मोहिमेच्या तयारीत गणित नेमकं कुठे येतं असं तुम्ही विचारलंत. आई, तुझा प्रश्न होता की एवढे दिवस कशाला लागतात, सरळ चढून खाली का येत नाहीत. दोन्हींचं उत्तर एकाच हिशेबात आहे, म्हणून एकाच पत्रात लिहिते. उदाहरणादाखल 7000 मीटरचं शिखर आणि सहा जणांचा संघ धरू. बेस कॅम्प 4800 मीटरवर आणि त्याच्यावर 5400, 5900 आणि 6400 मीटरवर असे तीन कॅम्प.

सुरुवात हवेपासून. ऑक्सिजनचं प्रमाण वरही 21 टक्क्यांच्या आसपासच राहतं, कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो 760 मिलिमीटर (पाऱ्याचे) असतो. श्वास आत गेला की हवा ओली होते आणि त्यातले 47 मिलिमीटर पाण्याची वाफच घेते. म्हणून आधी 47 वजा करायचे, मग 0.21 ने गुणायचं. उत्तर म्हणजे श्वासातून मिळणाऱ्या ऑक्सिजनचा दाब. समुद्रसपाटीला ते 150 च्या जवळ येतं. 5500 मीटरच्या सुमारास दाब साधारण 380, म्हणजे उत्तर 70, निम्म्याहूनही कमी. एव्हरेस्टच्या माथ्यावर 1981 साली प्रत्यक्ष दाब मोजला तेव्हा तो 253 भरला. त्याचं उत्तर येतं 43. वाफेचे 47 सगळीकडे तेवढेच राहतात, त्यामुळे जितकं वर जावं तितकी ही वजाबाकी जास्त बोचते. शिवाय त्याच उंचीवर विषुववृत्तापासून दूर गेलं की दाब आणखी कमी भरतो. म्हणूनच अलास्कातलं डेनाली 6190 मीटरचं असूनही शरीराला त्याहून उंच वाटतं. नुसता उंचीचा आकडा पाहून दिवस ठरवणं चुकतं ते इथेच.

या हवेची शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. सर्वमान्य नियम असा की 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायची ती झोपण्याची उंची. 3000 पासून बेस कॅम्पपर्यंत 1800 मीटर, म्हणजे चार रात्री आणि एक विश्रांती. तिथून कॅम्प एक 600 मीटर वर आहे, नियमापेक्षा जास्त. म्हणून पहिल्यांदा फक्त सामान वर टाकून यायचं आणि झोपायला खाली. याला लोड फेरी म्हणतात. एका फेरीत सामानही पोहोचतं आणि शरीरही तयार होतं. आई, दिवस लागतात ते यासाठी.

मग वाटेल की फेऱ्या जितक्या जास्त तितकं बरं. तसं नाही, आणि सगळं गणित याच ओढाताणीवर उभं आहे.

आधी वजन बघा. एका माणसाला एका दिवसाला सुमारे 800 ग्रॅम कोरडं अन्न आणि डब्यासकट 250 ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ढोबळ एक किलो. समजा, कॅम्प तीनवर हवामानासाठी दोन दिवस जास्त थांबायची सोय हवी. सहा जण, दोन दिवस, 12 किलो. वाटतं फारसं नाही. पण तिथपर्यंत माणूस फार तर 10 किलो नेतो, म्हणजे दोन माणसांची फेरी. ते दोघं कॅम्प दोनवर दोन दिवस राहतील आणि 4 किलो खातील. तर कॅम्प दोनपर्यंत 16 किलो न्यायला हवेत. तिथे 12 किलोचं ओझं धरलं तरी पुन्हा दोन माणसं, कॅम्प एकवर दोन दिवस, आणखी 4 किलो. बेस कॅम्पमधून निघतात 20 किलो. वरचे 12 किलो खाली 20 झाले, आणि माणसांच्या फेऱ्या वाढल्या त्या वेगळ्याच. म्हणून यादी नेहमी शिखराकडून खाली करत यायची. बेस कॅम्पपासून वर मोजत गेलं की हे मधलं खाणं निसटतं आणि शेवटच्या कॅम्पवर गॅस संपतो.

गॅसचा हिशेब बहुतेक जण घरी नळाचं पाणी उकळून करतात आणि तिथेच फसतात. 20 अंशांचं एक लिटर पाणी 100 अंशांवर न्यायला सुमारे 335 किलोज्यूल लागतात. वर पाणी नसतं, उणे 15 अंशांचा बर्फ असतो. तो शून्यावर आणायला 31, वितळवायला 334, आणि तिथे पाणी 80 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथवर न्यायला आणखी 335. एकूण 700, घरच्या दुप्पट. एक ग्रॅम गॅसमधून सुमारे 46 किलोज्यूल मिळतात, पण वारा आणि थंड भांडं मिळून निम्मी उष्णता खातात. म्हणजे लिटरमागे 30 ग्रॅम. माणशी रोज पाच लिटर, 150 ग्रॅम. पिण्याचं पाणी उकळवायची गरज नसते, कोमट पुरतं, तेव्हा लिटरमागे 20 ग्रॅमवर भागतं. ही बचत मात्र राखीव ठेवायची, यादीतून वजा करायची नाही. आणि भांड्यात तळाला थोडं पाणी ठेवूनच बर्फ घालायचा. नुसता बर्फ घातला तर तो वितळलेलं पाणी वर शोषून घेतो, तळ रिकामा राहतो आणि भांडं करपतं.

बाबा, तुम्ही ऑक्सिजनच्या सिलिंडरचंही विचारलं होतंत. 7000 मीटरला चढाईसाठी तो नेत नाहीत, 8000 च्या शिखरांवर नेतात. चार लिटरचा, 300 बार दाबाचा सिलिंडर म्हणजे सुमारे 1200 लिटर वायू. मिनिटाला 2 लिटर सोडला तर दहा तास, 4 सोडला तर पाच. उणे 30 अंशांत काटा 250 च्या आसपास दिसतो. ती गळती नसते, थंडीने दाब उतरलेला असतो. हे माहीत नसलं की माणूस चांगला सिलिंडर टाकून देतो.

आता फेऱ्यांची दुसरी बाजू. कॅम्प एक आणि दोनच्या मध्ये लटकत्या हिमकड्याखालून वाट जाते असं समजा. एकदा ओलांडताना कडा कोसळण्याची शक्यता हजारात एक धरली, तर चार वेळा ओलांडल्यावर ती 0.4 टक्के होते, दहा वेळा ओलांडल्यावर जवळपास 1 टक्का. हजारात एक हा आकडा कोणी खात्रीने देऊ शकत नाही आणि जो देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण किती वेळा ओलांडायचं हे आपण ठरवतो. तिथे घालवायचा वेळही बराचसा आपल्या हातात असतो. हलकं ओझं घेऊन 40 मिनिटांची वाट 20 मिनिटांत पार केली की धोका निम्मा. म्हणून ओझं हलकं करून फेऱ्या वाढवायच्या की जड करून कमी, हे त्या तुकड्याला किती वेळ लागतो ते धरून सोडवतात. माझं मत विचाराल तर सवयीच्या फेऱ्या कड्याच्या खालीच, बेस कॅम्प आणि कॅम्प एकच्या मध्ये करून घ्याव्यात आणि कड्याखालून शक्य तितक्या कमी वेळा जावं.

हिमप्रपाताचा उतार नकाशावरच सापडतो. बहुतेक हिमप्रपात 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. 1:50,000 च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दर 40 मीटर उंचीला असतील, तर रेषांमधलं 1.4 मिलिमीटर अंतर म्हणजे 30 अंश आणि 0.8 मिलिमीटर म्हणजे 45. या दोन मापांच्या मधल्या सगळ्या पट्ट्या पेन्सिलने रंगवायच्या. वाट त्यांतून जात असेल तर पहाटे, बर्फ घट्ट असताना. वाट पट्टीखालून जाते तिथेही हाच नियम, कारण वर सुटलेला बर्फ सपाटीपर्यंत पोहोचतो.

राखीव दिवस ठरवताना आणखी एक चूक होते. दिवस चांगला असण्याची शक्यता 70 टक्के, तर सलग चार चांगले दिवस मिळायची शक्यता 0.7 चार वेळा गुणून 24 टक्के, असं मांडतात. पण हवामान नाण्यासारखं नसतं. चांगले दिवस चांगल्यांना चिकटून येतात, वाईट वाइटांना. त्यामुळे मागच्या वर्षांच्या नोंदींत सलग किती दिवस वारा कमी होता, ते तुकडे मोजायचे. सर्वांत लांब वाईट तुकडा काढायचा आणि निदान तेवढे दिवस राखीव ठेवायचे.

शिखराच्या दिवशीचं गणित उलटं, अंधारापासून मागे येतं. सूर्यास्त संध्याकाळी सहाला. दोन तास राखीव, उतरायला चार तास, म्हणजे दुपारी बाराला असाल तिथून परत. कॅम्प तीनपासून माथा 600 मीटर, ताशी 75 मीटरने आठ तास. पहाटे दोनला निघालं तर दहाला माथा. मधला टप्पा 6700 मीटर, तिथे सहाला पोहोचायला हवं. सात वाजले असतील तर वेग ताशी 60 झाला आणि तोच टिकला तरी माथ्यावर बरोबर बारा. वर वेग टिकत नाही, कमीच होतो. म्हणजे परतायचा निर्णय 6700 वरच, सकाळी सातला घ्यायचा. बाराला, माथा समोर दिसत असताना, तो घेणं फार अवघड जातं. म्हणून ही वेळ खालीच कागदावर लिहून सहाही जणांनी मान्य करायची.

तुमच्यासाठी वेगळ्या कागदावर तारखांचं कोष्टक पाठवते आहे. त्यात प्रत्येक कॅम्पपुढे दोन तारखा आहेत, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. दुसरी तारीख उलटेपर्यंत काही बिनसलं असं समजू नका. रोज रात्रीच्या संदेशात तंबूतल्या उंचीमापकाचा आकडाही येईल. तो हवेच्या दाबावर चालतो. तंबू न हलता आकडा 40-50 मीटरने चढला, तर दाब साधारण 3 हेक्टोपास्कलने उतरला आणि हवा बिघडते आहे असं समजायचं. त्या दिवशी पुढचा कॅम्प गाठल्याचा संदेश येणार नाही, तारीख पुढे सरकेल. बाबा, कोष्टकात तेवढा बदल पेन्सिलने करा आणि आईलाही दाखवा.

तुमची लेक