निर्यातबंदीवर बोला

महोदय,
वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी वीस वर्षे हिशेब लिहितो आहे. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली. त्यानंतरच्या आठवड्यात एक शेतकरी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाची चिठ्ठी, घेऊन माझ्या टेबलाशी उभा होता. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता जे उरले, त्यात बारदानाचा खर्चही निघत नव्हता. तो भांडला नाही. पट्टीची बारीक घडी करून खिशात घातली आणि चहा न घेताच निघून गेला.

अशा वेळी शेतकरी नेते शरद जोशींच्या स्वतंत्र भारत पक्षाची आठवण येते. १९९४ साली निघालेला हा पक्ष कधी मोठा झाला नाही. पण भाव चढला की निर्यात बंद, पडला की तोंडाला पाने पुसणारी मदत, हा सरकारी खेळ थांबवा आणि बाजार मोकळा करा, हे त्याने स्पष्ट सांगितले. नोंदणीसाठी प्रत्येक पक्षाला कायद्याने समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. ही सक्ती काढण्यासाठी जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयकही आणले. त्यांचे सगळेच पटते असे नाही. २०१० मध्ये महिला आरक्षणाविरुद्ध त्यांनी एकट्याने दिलेले मत मला आजही खटकते.

पण कांद्याबाबत ते बरोबर होते. तुर्भे-वाशीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने निर्यातबंदीवर आपली भूमिका लेखी द्यावी.

– एक वाचक, वाशी, नवी मुंबई