रात्रीच्या ड्रोनचा दिवा आधी तपासावा

महोदय,

लग्नसमारंभ आणि मिरवणुकांचे चित्रीकरण हा माझा व्यवसाय आहे. सोलापुरातील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा जवळ आली की नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरील शोभेचे दारूकाम वरून टिपण्यासाठी रात्री ड्रोन उडवण्याची मागणी वाढते. मागे एका कार्यक्रमासाठी मला मिळालेल्या परवानगीपत्रात जागा, वेळ आणि उंची नमूद होती. ड्रोनवर दिवा कोणता असावा आणि तो किती दुरून दिसावा, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हते. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली असताना ही त्रुटी राहू देणे बरे नव्हे.

अमेरिकेत रात्री उडणाऱ्या ड्रोनचा लुकलुकणारा दिवा ३ मैलांवरून, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरवरून दिसावा, असा नियम आहे. बाजारात मिळणाऱ्या दिव्यांच्या पाकिटावर हाच आकडा ठळक छापलेला असतो. तो खरा किती, हे पाहण्यासाठी मी अक्कलकोट रस्त्यालगतच्या एका गच्चीवर पंखे काढलेला ड्रोन दिवा लावून ठेवला आणि मोटारसायकलवरून सरळ रस्त्याने दूर जात मागे वळून पाहत राहिलो. ड्रोनचे मूळचे दिवे अर्ध्या किलोमीटरच्या आतच शेतातल्या बल्बांमध्ये मिसळून गेले. वर चिकटवलेला दिवा समोरून दोन किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसला. पण बाजूने पाहिल्यावर ड्रोनच्याच दांड्याआड तो झाकला जात होता, आणि तासाभराने त्याची बॅटरी उतरली तेव्हा उजेड चांगलाच मंदावला. दिवा विकत घेतल्यावर तो नुसता पेटतो एवढेच पाहणारे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच होतो.

आणखी एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडच्या ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात मोडतो आणि त्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र, म्हणजे ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र, लागत नाही. मात्र २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर दहा-बारा ग्रॅमचा दिवा बसवला की एकूण वजनामुळे तो त्यापुढच्या मायक्रो वर्गात जातो, आणि व्यवसायासाठी तो उडवणाऱ्याला प्रमाणपत्र आवश्यक ठरते. सुरक्षिततेसाठी लावलेला दिवाच अशा रीतीने चालकाला नकळत नियमभंगात ओढतो, म्हणून दिव्यासकट ड्रोन तराजूवर ठेवून पाहिलेला बरा.

यात्रेपूर्वी पोलीस प्रशासनाने परवानगी मागणाऱ्या सर्व ड्रोनचालकांना एका संध्याकाळी मोकळ्या जागी बोलवावे, प्रत्येकाचा दिवा समोरून, बाजूने आणि खालून ठरावीक अंतरावरून पाहावा, दिव्यासह वजन करावे आणि मगच पत्र द्यावे, अशी विनंती आहे. जागा व वेळ कळवल्यास मी माझा ड्रोन आणि वजनकाटा घेऊन येईन.

आपला,
एक व्यावसायिक छायाचित्रकार, सोलापूर