मेडिकल बोर्डाच्या तयारीबद्दल सुभेदार साहेबांना खुले आभारपत्र

आदरणीय सुभेदार साहेब,
जय हिंद.

पुण्यातील मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे अपंगत्व ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळासमोर, माझ्या कानांची फेरतपासणी झाली. अपंगत्व पेन्शनचा निर्णय अद्याप यायचा आहे. तथापि त्या तपासणीस मी ज्या तयारीने गेलो ती आपण करून घेतलेली असल्याने, आभार मानण्यासाठी निर्णयाची वाट पाहणे मला योग्य वाटत नाही. आपले सांगणे सोलापूर जिल्ह्यातील इतर माजी सैनिकांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

तोफखान्यातील नोकरीत माझी श्रवणशक्ती मंदावली. आपण स्वतः लष्करी दवाखान्यांत नर्सिंग असिस्टंट म्हणून आयुष्य काढलेले असल्याने, बोर्ड आधी माणसाकडे नव्हे तर कागदाकडे पाहते, हे आपल्याला ठाऊक होते. भरतीच्या वेळची तपासणी, सेवेतील श्रवणचाचण्यांचे आलेख, मेडिकल कॅटेगरी (तंदुरुस्तीची श्रेणी) उतरल्याचे आदेश आणि निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीचा एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, असे सारे आपण तारखेप्रमाणे लावून घेतलेत. भरतीच्या वेळी कान निर्दोष असल्याची नोंद का महत्त्वाची, हे सांगताना आपण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या धरमवीर सिंग निकालाचा दाखला दिलात: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढील बिघाड सेवेमुळे झाला असे सामान्यतः मानावे, आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार सैनिकावर टाकू नये.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. तिथे यंत्रमागांचा खडखडाट सतत चालू असतो, त्यामुळे कान मागांनी गेले असतील अशी शंका निघणार, हे आपण आधीच ओळखलेत. तिचे उत्तर तोंडी न देता सेवाकाळातील आलेख पुढे ठेवावा, असे आपण बजावलेत. पहाटेपर्यंत मागांच्या आवाजात राहून हुतात्मा एक्स्प्रेसने थेट तपासणीस जाण्याऐवजी आदल्या दिवशीच पुण्यात मुक्कामी जाण्याचाही आपलाच आग्रह होता; कारण मोठ्या आवाजानंतर काही तास कान तात्पुरते अधिक मंद होतात. खरे पाहता त्याने माझी टक्केवारी वाढलेली दिसली असती, आणि मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यास या पेन्शनसाठी किमान २० टक्के अपंगत्व लागते, हेही आपण जाणून होता. तरीही तो मार्ग आपण सुचवला नाहीत, याबद्दल माझा आदर दुणावला.

सर्वांत अवघड गेले ते बोलणे. वरिष्ठांनी विचारले की ‘सब ठीक है, साहब’ म्हणण्याची आपल्या सगळ्यांना सवय. आपण मला समोर बसवून डॉक्टरांसारखे प्रश्न विचारलेत आणि प्रत्येक ‘ठीक आहे’ खोडून काढलेत. फोन कोणत्या कानाला लावता, मागून येणारी रिक्षा कळते का, कानातील गुणगुणीने झोपमोड होते का, याची उत्तरे जशी आहेत तशी, न लपवता आणि न फुगवता द्यायची, असा तो सराव होता. बोर्डासमोर यातले बरेच प्रश्न खरोखर आले. सौभाग्यवतींनी या निमित्ताने प्रथमच ऐकले की मी त्यांचे निम्मे बोलणे ओठांवरून ताडतो. त्यांना मात्र ते केव्हाचे माहीत होते.

आपण यासाठी चहापलीकडे काही घेतले नाहीत. आमच्या गल्लीतील एका निवृत्त नायकाच्या गुडघ्याचे बोर्ड लवकरच आहे. त्यांना आपल्याकडे पाठवण्याची परवानगी असावी. कागद तारखेप्रमाणे लावूनच यायला मी सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त हवालदार, सोलापूर