ई-पुस्तक परवाना निधीसाठी देणगीचे आवाहन

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

देणगी मागण्याआधीच सांगून टाकतो: या निधीतून जी ई-पुस्तकं येतील, त्यातली बरीचशी दोन वर्षांनी आपल्याकडे नसतील.

छापील पुस्तक विकत घेतलं, दाखल क्रमांक टाकला, की ते वाचनालयाचं झालं. पानं सुटली तर बांधणी करून पुन्हा कपाटात. ई-पुस्तकाची प्रत मात्र बहुतेक मोठे प्रकाशक वाचनालयाला विकतच नाहीत. ते देतात परवाना, त्यांच्या अटींवर. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये ठरवलं, की एका परवान्यावर पुस्तक २६ वेळाच द्यायचं, पुढे नव्याने पैसे भरायचे. एका वेळी एकाच वाचकाला, दोन आठवड्यांच्या मुदतीने सतत दिलं तर वर्षात खेळ आटोपला. (२६ वाचकांत पुस्तक निकामी होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमची कपाटं पाहावीत.) पेंग्विन रँडम हाउसने २०१८ मध्ये आणि हॅशेटने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालयांना मिळणारे कायमचे परवाने बंद करून दोन वर्षांचे केले.

मॅकमिलनने तर नोव्हेंबर २०१९ पासून नवं ई-पुस्तक पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय-समूहाला, म्हणजे त्याच्या सगळ्या शाखा मिळून, एकच परवाना, असा नियम काढला. समूह कितीही मोठा असो! अनेक ग्रंथालयांनी त्यांची ई-पुस्तकं घेणंच थांबवलं, आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. कायद्याचा आधार अजून तोकडाच आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये प्रकाशकांनी ग्रंथालयांना वाजवी अटींवर परवाने द्यावेत असा कायदा केला, तो पुढच्याच वर्षी न्यायालयात टिकला नाही.

लेखकाला मोबदला मिळायलाच हवा, याबद्दल आमचा वाद नाही. पण अक्षरं मोठी केल्याशिवाय ज्यांना वाचता येत नाही, किंवा जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांना कपाटातली छापील प्रत काय कामाची? मालिकेचा पहिला आणि तिसरा भाग आहे, दुसऱ्याचा परवाना संपला, हे त्यांना सांगताना आमचीच मान खाली जाते.

म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी थोडी द्याल, तर जास्त उपयोग होईल. नव्या पुस्तकांसाठी देणगीदार भेटतात; असलेलं पुस्तक टिकवायला कुणी पुढे येत नाही, आणि आमची खरी अडचण तीच आहे.

पैसे शक्य नसतील तर वाचून झालेलं ई-पुस्तक मुदतीची वाट न पाहता परत करा, म्हणजे पुढच्याचा नंबर लवकर लागेल. कुठला परवाना कधी संपतो याची नोंदवही ठेवायलाही दोन स्वयंसेवक हवे आहेत. आठवड्याला तासभर पुरे.

देणगी काउंटरवर स्वीकारली जाईल. पावतीवर ‘ई-पुस्तक परवाना निधी’ असं आठवणीने लिहून घ्या, नाहीतर रक्कम इमारत निधीत जमा होते.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी