'आवारात मोफत पार्किंग' या खुणेबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : आपल्या खोल्या आरक्षणाच्या ॲपवर फोंतेन्हास, पणजी येथील घराच्या माहितीत पार्किंगबद्दल खोटे लिहिल्याबाबत.

महोदय,

फोंतेन्हासमध्ये गाडी लावायला जागा मिळाली नाही, ही माझी तक्रार नाही. मी गोव्यातल्याच साखळी गावचा. कामानिमित्त तीस वर्षे पणजीला येतो आणि त्या गल्ल्यांत चारचाकी घालायची नसते हे मला पाढ्यासारखे पाठ आहे. तिथे जागा आहे असे आपण लिहिलेत आणि मी त्यावर विश्वास ठेवला, तक्रार त्याची आहे. (बायको म्हणते, चूक माझीच. तिचे पत्र वेगळे येईल.)

आईचे माहेर फोंतेन्हासशेजारच्या मळा या भागातले. वय ८१. यंदा मारुतीगडाच्या जत्रेला दोन रात्री तिकडेच मुक्काम करायचा, असे तिने दिवाळीपासूनच धरून ठेवले होते. दिवाळीनंतर तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, ती वॉकर घेऊन चालते. बहीण आणि भावोजी कोल्हापूरहून त्यांची अर्टिगा घेऊन येणार होते. म्हणून आपल्या ॲपवर शोधताना मी आधी चाळणी लावली ती पार्किंगची. दोन घरे पसंत पडली. एकाने सरळ लिहिले होते की पार्किंग नाही. भाडे एका खोलीला रात्री ३,४०० रुपये. दुसऱ्यापुढे निळ्या चौकोनात 'पी' होता आणि खाली ओळ होती : 'आवारात खासगी पार्किंग, मोफत, आधी आरक्षणाची गरज नाही.' भाडे ४,२००. आईला दारात उतरवता येईल, या एका कारणासाठी मी दुसरे घेतले. दोन खोल्या, दोन रात्री.

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास पोचलो. आपल्या नकाशाने गाडी थेट सांत सेबास्तियन कपेलाकडच्या गल्लीत नेली. 'निळ्या टाइलवर नंबर असलेले घर शोधा,' असा घरमालकिणीचा निरोप होता. फोंतेन्हासमध्ये निळ्या टाइलवर नंबर नसलेले घर दाखवा आणि बक्षीस न्या! पुढे वळायला जागा नाही, मागे दोन स्कूटर. भावोजींनी दोन्ही आरसे मिटले आणि मी खाली उतरून 'येऊ दे, येऊ दे' करत गाडी मागे घेववली. तरी एका घराच्या पायरीला बंपर घासलाच. खिडकीतून एक बाई ओरडल्या, "बाये, गाडी हांगा दवरूं नाकात!" नंबरप्लेट एमएच ०९, तेव्हा पर्यटक समजल्या असणार. त्या भागातले लोक दारासमोर फोटो काढणाऱ्यांना किती वैतागले आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून मी गप्प राहिलो. आईने मात्र काच खाली केली आणि म्हणाली, "हांव मळ्याची चली गो!" पुढच्या मिनिटाला प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर आली आणि पाण्याचा तांब्याही. आई त्या खुर्चीत बसली ती पुढचा सव्वा तास. तेवढा वेळ आम्ही गाडी लावायला जागा शोधत होतो.

आता ते 'खासगी पार्किंग'. तळमजल्याला एक कमानीचा दरवाजा आहे. आत दोन गॅस सिलिंडर, एक झाकून ठेवलेले शिवणयंत्र आणि मालकिणीची स्कूटर. भावोजी निवृत्त ओव्हरसियर, त्यांच्या डिकीत टेप असतेच. त्यांनी दाराची रुंदी मोजली : १ मीटर ५ सेंटिमीटर. अर्टिगाची रुंदी १ मीटर ७३. फोटो जोडला आहे, त्यात टेपवरचा आकडा वाचता येतो.

१८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली, तेव्हा इथला श्रीमंत माणूस मचिल्यात, म्हणजे पालखीत, बसून भोयांच्या खांद्यावरून जात असे. गल्ल्या त्या मापाच्या आहेत आणि त्या तशाच राहाव्यात असे मलाही वाटते. त्या रुंद करा, असे मी कुठे म्हणतो?

रुआ द ओरेम या खाडीकाठच्या रस्त्याच्या कडेने जत्रेची दुकाने लागलेली. आल्तिनोचा चढ चढून पाहिला, चर्च स्क्वेअरला दोन फेऱ्या मारल्या. शेवटी पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये गाडी ठेवली आणि खाडीवरच्या पादचारी पुलावरून बॅगा ओढत परत आलो. मला आणि भावोजींना हे काहीच नव्हे. पण रविवारी आईला मारुतीला न्यायचे, तर आधी एकाने पाटोला जाऊन गाडी काढायची, गर्दीतून ती वळसा घालून आणायची, मागच्यांचे हॉर्न ऐकत आईला वॉकरसकट आत बसवायचे आणि परतल्यावर हेच सगळे उलट्या क्रमाने. रविवारी रात्री दहा वाजता मालकीण म्हणाली, "कडेला ठेवा हो, सगळे ठेवतात." दमलो होतो, ठेवली. सकाळी चाकाला जॅमर. ५०० रुपये दंड भरला. तो आमच्या चुकीचा होता, पोलिसांबद्दल तक्रार नाही.

मालकिणीवरही मी फार रागावलेलो नाही, कारण तिने जे सांगितले त्यात तक्रारीचे खरे मूळ आहे. आपल्या फॉर्ममध्ये पार्किंगपुढे फक्त 'आहे' आणि 'नाही' असे दोनच पर्याय आहेत, असे ती म्हणते. 'फक्त दुचाकी' असे लिहायला जागा नाही. 'नाही' म्हटले की चाळणी लावणाऱ्या गिऱ्हाइकाला ते घर दिसतच नाही. तिची स्कूटर आत राहते, म्हणून तिने 'आहे' म्हटले. 'आवारात', 'खासगी' आणि 'आरक्षणाची गरज नाही' हे शब्द तिचे नव्हेत, ते आपल्या यंत्रणेने आपोआप जोडले. हे खरे असेल तर ते वाक्य आपले आहे, आणि ते खोटे आहे.

मी सोमवारी दुपारी तक्रार केली. उत्तर आले की 'मोफत पार्किंग' म्हणजे परिसरात सार्वजनिक पार्किंगची सोय उपलब्ध असणे. परिसरातली सोय 'आवारात' धरायची, तर त्या घरापुढे 'आवारात खासगी मांडवी नदी' असेही लिहून टाका. दुसऱ्या निरोपात पुढच्या आरक्षणावर ५०० रुपयांची सूट देऊ केलीत, तीही साठ दिवसांत वापरायची. ती मला नको.

हे आपल्याला जमत नाही असे नाही. माझा भाचा जर्मनीत असतो. तो गेल्या वर्षी क्रोएशियात दुब्रोव्हनिकला गेला, खोली आपल्याच ॲपवरून घेतलेली. समुद्राला खेटून तटबंदी आणि तटाच्या आत गाड्यांना बंदी. तिथल्या खोलीच्या माहितीत गाडी कुठे ठेवायची, तिथून चालत किती मिनिटे आणि वाटेत पायऱ्या किती, हे पैसे भरण्याआधीच लिहिलेले होते. पोराने गाडी तटाबाहेर ठेवली आणि पाठीवर सॅक टाकून गेला. पणजीला तट नाही, पण गल्ल्या तशाच चिंचोळ्या आहेत. आम्हाला इतके आधी कळले असते, तर गाडी शनिवारीच पाटोला लावून आईला रिक्षाने दारात आणले असते आणि ३,४०० वाले घर घेतले असते.

तेव्हा माझे म्हणणे असे. भाड्यातला फरक खोलीमागे रात्री ८०० रुपये, म्हणजे एकूण ३,२००. पाटोच्या पार्किंगच्या पावत्या २४० रुपयांच्या. हे ३,४४० रुपये ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात परत करावेत. दंडाचे ५०० मी मागत नाही. बंपर भावोजी बघून घेतील. त्या घरापुढची खूण आजच्या आज काढा, आणि फॉर्ममध्ये दुचाकी की चारचाकी, आवारात की बाहेर, बाहेर असेल तर किती अंतरावर, एवढे विचारा. फोंतेन्हास, मळा, सांत तोमे इथल्या सगळ्या घरांना हे पुन्हा विचारा. कितीतरी 'पी' गळून पडतील.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. सोमवारच्या तक्रारीला मिळालेली दोन तयार उत्तरे मी निवारण मानत नाही. महिना उलटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करीन, आणि पुढे उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि पणजीला मी येतच असतो. बसने.

कळावे,
आपला ग्राहक,
साखळी, गोवा

सोबत : आरक्षणाच्या वेळचा स्क्रीनशॉट, दाराच्या मापाचा फोटो, पार्किंगच्या पावत्या, आपली दोन्ही उत्तरे.

ता. क. : हे पत्र पाठवण्याआधी ते पान पुन्हा उघडून पाहिले. 'पी' अजून आहे. त्याच्या शेजारी आता 'पाहुण्यांची पसंती' असा पिवळा बिल्लाही लागला आहे.