गाव विचारलं तर निपाणीच सांग

निपाणी

प्रिय बाळू,

तुझं पत्र पोचलं. पुण्यात कुणी गाव विचारलं की ‘कोल्हापूरजवळ’ म्हणतोस, हे वाचून जिवाला लागलं बघ.

परवा तंबाखूच्या वखारींच्या गल्लीतनं गेलो. एका वखारीचे पत्रे उतरवलेत, आत गवत माजलंय. आपल्या लहानपणी तिथं पाऊल टाकलं की शिंका सुरू व्हायच्या. आता तो उग्र वास नाही, त्यामुळं भलत्याच गावात आल्यासारखं वाटलं.

आपल्या दोघांच्या आया तिथंच शेजारीशेजारी तंबाखू चाळायच्या. नाकातोंडाला पदर बांधलेला, सांजच्याला सुटल्या की भुवया-पापण्यांवर तपकिरी धूळ. घरी आल्यावर परत विड्यांचं सूप मांडीवर. भिजवून ओल्या पोत्यात ठेवलेलं पान घ्यायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं दुमडायचं. अशा हजार. कारखान्यात मोजणारा त्यातल्या मूठ-मूठ विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्यांची मजुरी नाही, आणि विड्याही परत नाहीत. त्या दिवशी आई वाटभर बोलायची नाही.

1981 मध्ये तंबाखूच्या रास्त भावासाठी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले, 14 मार्चपासून. आंदोलननगरच वसलं होतं तिथं. मराठी बोलणारे, कन्नड बोलणारे, सगळे एका रांगेत. आजी रोज त्यांच्यासाठी जादा भाकरी थापायची. 6 एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला, 12 जण गेले. त्या रात्री आजीनं चूल पेटवली नाही, एवढं मला पक्कं आठवतंय.

सीमेचं तुला नव्यानं काय सांगू? 1956 ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आत्ताच्या कर्नाटकात गेलो. 1967 च्या अहवालात सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानंसुद्धा निपाणी महाराष्ट्राला द्या म्हटलं होतं, तेही झालं नाही. पण सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडं वाढलो म्हणून आपली मराठी उणी नाही, आणि शेजारच्या कन्नड काकूंच्या घरी जेवून मोठं झालो त्याचीही लाज नाही. तू गाव लपवतोस तेव्हा हे सगळंच पुसलं जातं रे.

वखारी बंद पडल्या म्हणून मी रडणार नाही. आईचा खोकला मी शेवटपर्यंत ऐकलाय, रात्ररात्र उशाशी बसून. पण त्याच मजुरीवर माझी वह्या-पुस्तकं आली, तुझी कॉलेजची फी भरली गेली. ह्या दोन्ही गोष्टी मला एकदमच आठवतात, वेगळ्या करता येत नाहीत.

माळा आवरताना आईचं विडीचं पान कापायचं पत्र्याचं माप सापडलं. कडा झिजून गुळगुळीत झाल्यात, अंगठा ठेवायची जागा चकचकीत. दिवळीत ठेवलंय. दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या आईची कात्री घेऊन ये, तुझ्याकडं असेल तर.

तुझाच,
दत्तू